हिंदुरावचा बिनचूक अहवाल

एका तालुक्याच्या गावात हिंदुराव नावाचा एक भोळा माणूस होता. नाव भारदस्त, बाकी आनंद. घरांची किंमत ठरवून बँकेला अहवाल देणाऱ्या मोकाशीसाहेबांकडे तो नोकरीला होता.

साहेबांनी मोबाइलवर नवं एआय घेतलं. म्हणाले, "नुसता पत्ता घाल. अहवाल तेच लिहितं."

हिंदुरावनं पत्ता घातला. एआयनं लिहिलं, दुमजली घर, हवेशीर. हवेशीर होतंच. घर गेल्या वर्षी पाडलं होतं.

"अरे शहाण्या, जागेवर जायचं! दिसेल ते लिहायचं!"

"बरं साहेब."

पुढच्या घरी तो जागेवर गेला. दिसलं ते लिहिलं: ओसरीवर म्हैस एक, पाहुणे सात, पैकी एक घोरत आहे.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "बँकेचा नवा छापील नमुना आलाय. त्यात विचारलंय तेवढंच लिही. आणि एकही रकाना मोकळा ठेवू नकोस!"

"बरं साहेब."

पुढचं काम मोकळ्या प्लॉटचं निघालं. नमुन्यात विचारलं होतं, जिने किती, न्हाणीघरं किती. हिंदुरावनं एआयला विचारून भरलं: जिना एक, न्हाणीघरं दोन.

साहेब लालबुंद झाले. "नसलेलं लिहायचं नाही! आणि काम एआयनं केलं की स्वतः, तेही खाली लिहायचं. नवा नियम आहे. आता एक चूक झाली की घरी बस!"

नसेल तिथं 'नाही' लिहितात, हे सांगायचं रागाच्या भरात राहून गेलं.

"बरं साहेब."

मग शेवंताबाईंचं घर आलं. घर तारण ठेवून त्यांना पिठाची गिरणी टाकायची होती. बाईंनी महिनाभर खपून घर नुसतं लखलखीत केलं होतं.

"नीट बघ रे बाबा. समदं तुझ्या कागदावर हाय."

हिंदुरावला बाईंची फार कणव आली. त्यानं सगळे रकाने मन लावून भरले. एकच उरला: भिंतींतील दोष.

त्यानं भिंती ठोकून पाहिल्या, कान लावून पाहिल्या. दोष सापडेना. मोकळा ठेवावा तर नोकरी जाते. नसलेला लिहावा तरी जाते. बिचाऱ्याला घाम फुटला. शेवंताबाई चहा टाकायला आत गेल्या. कोपऱ्यात पहार होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अहवाल उघडला. 'भिंतीला आरपार भोक, एक. फोटो जोडला आहे.' समोर शेवंताबाई पदर खोचून उभ्या.

साहेब ओरडले, "हे भोक पाडलं कुणी?"

हिंदुरावनं अभिमानानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"सर्व काम स्वतः केले. एआयची मदत घेतलेली नाही."