पालथी टोपली

पिवळे पान दिसताच खुडून टाकणारा माणूस पुरावा नष्ट करत असतो. वर झाड वाचवल्याचा आव आणतो, आपण त्याला शाबासकी देतो, आणि झाड गेले की सगळे मिळून बियाण्याला दोष देतो. हे कोण करते, ते मी सांगणार नाही. ज्याच्या घरी कुंडी आहे, त्याने आपल्या बोटांकडे पाहावे.

एका डोंगराळ गावी एक वृद्ध वैद्य राहत असत. विजया, म्हणजे लोक जिला भांग म्हणतात ती वनस्पती, औषधांसाठी लावण्याचा रीतसर परवाना त्यांच्या संस्थेकडे होता. लागवड एका बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात होई. वाणही वेगळा होता. एरवी ही वनस्पती रात्र लांबू लागली की फुलते. हा वाण दिवस-रात्रीकडे पाहतच नसे. वय झाले की फुलायचा. रोप धष्टपुष्ट असो वा खुरटलेले, त्याचा मुहूर्त टळत नसे. त्यामुळे वाढीच्या काळातला वाया गेलेला आठवडा पुन्हा मिळत नसे.

वैद्यांकडे एक शिष्य आला. कृषी महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला, बुद्धीने तल्लख, पायांत घाई. वैद्य आता थकले होते आणि त्या खोलीची किल्ली कोणाच्या तरी हाती द्यायची होती. त्यांनी त्याला सांगितले, की एक खेप नीट फुलवून दाखव, किल्ली तुझी. शिष्याने ती मनातल्या मनात कमरेला अडकवूनही टाकली.

रोपे तरारून आली. मग एके सकाळी त्याला रोपांच्या अगदी बुडाशी असलेली पाने पिवळी पडलेली दिसली. पिवळेपणा म्हणजे नत्राची कमतरता, हे त्याला पाठ होते. त्याने पाण्यातून खत दिले आणि ती पाने खुडून कोपऱ्यातल्या वेताच्या टोपलीत टाकली. पुढे पानांची टोके करपली. रोप अशक्त आहे असे समजून त्याने खत वाढवले, करपलेली पाने टोपलीत गेली. मग कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग फिका पडू लागला. आता त्याला उजेड कमी वाटला. त्याने दिवे खाली ओढले, तेव्हा वरची पाने पांढुरकी पडली; तीही खुडली, आणि टोपली जवळजवळ भरली.

परवान्याच्या अटीप्रमाणे त्या खोलीतला पाचोळासुद्धा वैद्यांसमोर जाळावा लागे. खोली झाडणाऱ्या द्वारकामावशी टोपली न्यायला येत, तेव्हा शिष्य त्यांना काही ना काही सांगून परत पाठवी. इतकी पिवळी पाने गुरुजींनी पाहावीत, हे त्याला सहन होणारे नव्हते.

एक दिवस वैद्य औषधी वनस्पतींच्या एका व्यापाऱ्याला घेऊन खोलीत आले. रोपे उंचीला कमी होती, अंगाने विरळ होती, पण होती तेवढी हिरवी. एकही पिवळे पान नाही, म्हणून व्यापाऱ्याने वाखाणणी केली. शिष्याची छाती फुगली.

वैद्यांनी रोपांकडे एक नजर टाकली. मग खांद्यावरचे उपरणे काढून जमिनीवर अंथरले, कोपऱ्यातली टोपली स्वतः उचलून आणली आणि, एखादे पात्र देव्हाऱ्यात ठेवावे तितक्या जपून, उपरण्यावर पालथी केली.

"वैद्यबुवा," व्यापारी हसत म्हणाला, "झाडं तिकडे आहेत. हा केर आहे."

वैद्य खाली बसले. टोपली उलटल्यामुळे सर्वांत आधी टाकलेली पाने आता वर आली होती. त्यांनी त्यातले एक सुकलेले, इवलेसे गोल पान उचलून शिष्याच्या तळहातावर ठेवले आणि हा कोणता रोग, असे विचारले.

शिष्य पाहत राहिला. बाकीची पाने बोटांसारखी फाटलेली, कातरलेल्या कडांची. हे मात्र गुळगुळीत, गोल. बी फुटताना जी दोन दले जोडीने बाहेर येतात, त्यांतले हे एक होते.

"रोगच नव्हता," तो हळूच म्हणाला.

"नव्हता," वैद्य म्हणाले. "ही दलं म्हणजे रोपाची दाई. पहिले दिवस पोसायचं आणि निघून जायचं, हा तिचा धर्म. तू तिच्या निरोपाला दुखणं समजलास. त्यापुढची टोकं बघ, खताच्या अतिरेकानं जळली. त्यापुढची फिकी पानं बघ, साचलेल्या खतानं मुळांचं तोंड बांधलं, म्हणून अन्न असून ती उपाशी. आणि सगळ्यात शेवटची पांढुरकी, ती दिव्याची झळ. बाळ, झाडाला नत्र कमी पडलं की ते आधी म्हाताऱ्या पानातलं काढून कोवळ्याला देतं. म्हणून ती भूक खालून दिसते आणि झळ वरून. झाड स्वच्छ अक्षरात लिहीत होतं. तू वाचण्याआधीच पान फाडत होतास."

शिष्याने मान खाली घातली नाही, याचा मला अभिमान वाटतो. त्याने उपरण्यावरचे प्रत्येक पान उचलून पाहिले आणि आता काय करू, एवढेच विचारले. वैद्यांनी सांगितले, की साध्या पाण्याने माती धुऊन घे, दिवे वर ने, आणि हात मागे बांध. करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही; उपाय लागू पडला की नाही, ते नव्या पानाला विचार.

नवी पाने निरोगी आली. पण मुहूर्त थांबला नाही. खुरट्या रोपांवर ठरल्या वयात बारीक फुले आली. व्यापाऱ्याने ती पाहून नकारार्थी मान हलवली, आणि किल्ली वैद्यांच्या कमरेलाच राहिली.

"पुढची खेपही मीच लावणार," शिष्य म्हणाला. त्याने विनंती केली नव्हती, आणि वैद्यांनीही विनंतीची वाट न पाहता होकार दिला.

पुढच्या खेपेत दले पिवळी पडली, तेव्हा शिष्य कुंडीपाशी बसून राहिला. ती आपसूक गळून मातीवर पडली, तिथेच राहिली. काही दिवसांनी एका रोपाची खालची मोठी पाने खरोखर फिकट झाली, तेव्हा त्याने त्याच एका रोपाला थोडे खत दिले आणि फिकट पान जागेवर ठेवले, रोज पाहता यावे म्हणून.

फुलोरा भरला त्या दिवशी वैद्य आले. दाट, कणखर रोपांतून काही पिवळी पाने उघडपणे डोकावत होती, आणि शिष्य त्यांच्याशेजारी ताठ उभा होता. वैद्यांनी द्वारकामावशींना हाक मारून टोपली आणायला सांगितली. उपरणे अंथरले, टोपली पालथी केली. काहीच पडले नाही.

त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि शिष्याच्या हाती दिली.

द्वारकामावशी काडेपेटी घेऊन दारात थांबल्या होत्या.

"आता मी काय जाळू?" त्या म्हणाल्या.