गुणाजीने मामींच्या गोळ्या कमी केल्या

चिंचखेडात गुणाजी नावाचा एक भोळा जावई होता. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. सांगितल्याहून वेगळं काही करतही नसे. गावाला धास्ती होती ती याचीच.

त्याची सासू अनुसयाबाई लेकीकडेच राहायची. तिला तो मामी म्हणे. मामींची सत्तरी उलटली आणि गोळ्यांनी घर धरलं. काही गुडघ्याच्या डॉक्टरांच्या, काही तालुक्याच्या डॉक्टरांच्या, काही शेजारणीला लागू पडल्या म्हणून मागून आणलेल्या. सकाळी मूठभर, रात्री मूठभर. पोटात भाकरीला जागा उरेना. बसलं की डुलकी, उठलं की भोवळ. एक दिवस मामी न्हाणीत पडल्या, तशी बायको घाबरली. म्हणाली, "दवाखान्यात नव्या शेंडगेबाई आल्यात. आईला दाखवून आणा."

शेंडगेबाईंनी तपासलं आणि सांगितलं, "उद्या घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या. एकही मागं ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी गुणाजी पोतं घेऊन हजर. त्यात मामींच्या गोळ्या होत्या. ट्रंकेतल्या डांबराच्या होत्या. पोरांच्या लिमलेटच्या होत्या. उंदरांसाठी आणलेल्याही होत्या.

"अहो, हे काय?"

"सगळ्या म्हणालात."

"मामी पोटात घेतात तेवढ्याच हव्या होत्या!"

"मग तसं सांगायचं, बाई."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि निवडायला बसल्या. म्हणाल्या, "प्रेशरच्या या गोळीनं पाय सुजले. सुजेसाठी दुसरी दिली. तिनं भोवळ यायला लागली, म्हणून तिसरी. मी पहिलीच बदलते. मग पुढच्या दोन लागायच्या नाहीत. झोपेची मात्र एकदम बंद करू नका. आधी अर्धी, मग पाव, मग बंद. आणि बंद केलेली गोळी घरात ठेवायची नाही, चुकून पुन्हा सुरू होते."

"एकदम नाही. आधी अर्धी, मग पाव," असं घोकत गुणाजी घरी निघाला. वाटेत रखमाजीचं अंगण लागलं. वाळत घातलेल्या हळदीत पाइपाचं पाणी शिरत होतं आणि रखमाजी गोठ्याच्या छपरावर अडकला होता.

"गुणाजी, कॉक बंद कर!"

गुणाजीनं कॉक अर्धा फिरवला आणि शेजारी बसला.

"अरे, बंद कर की!"

"एकदम बंद करायचं नसतं, रखमाजी."

यथावकाश त्यानं आणखी थोडा फिरवला. तोवर हळद ओढ्याला मिळाली होती. रखमाजी उडी टाकून खाली आला.

"कॉक काय कुरवाळतोस! नुकसान दिसलं की मूळ गाठावं. मोटर बंद करायची!"

"चुकलं. आता मूळच गाठीन," गुणाजी म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

इकडे मामी सुधारत गेल्या. एकेक गोळी सुटली, शेवटी दोनच उरल्या. त्या भाकरी खाऊ लागल्या. देवळापर्यंत काठीशिवाय जाऊ लागल्या. दिवसा जाग्या राहू लागल्यामुळे जावयाचे पराक्रमही त्यांना दिसू लागले.

गुणाजीला मात्र त्या दोन गोळ्या सलत होत्या. या येतात कुठून? बाई देतात. म्हणजे मूळ कोण?

तो कुलूप घेऊन दवाखान्यात गेला. बाई आत लिहीत बसल्या होत्या. त्यानं दार आधी अर्धं लोटलं. बाईंना वाटलं, वारा असेल. मग त्यानं फट पावभर ठेवली. मग कडी घातली, कुलूप लावलं आणि ओसरीवरच्या पेशंटांना म्हणाला, "घरी जा. आजपासून गावात कुणालाच गोळी लागायची नाही."

तेवढ्यात मामी प्रेशर तपासायला आल्या.

"जावईबापू, बाई कुठायत?"

"बंद केल्या, मामी."

आतून दारावर धडाधड थापा पडत होत्या. "अहो, त्या दोन गोळ्या लागतातच! मनानं काही बंद करायचं नाही!"

मामींनी हात पुढे केला. "आण ती किल्ली."

"किल्ली विहिरीत टाकली."

"विहिरीत? का रे बाबा?"

"बाईंनीच बजावलंय," गुणाजी दाराकडे आदरानं बघत म्हणाला. "एकदा बंद केलेलं पुन्हा चुकून सुरू होईल असं काही घरात ठेवायचं नाही."