अभिप्रायांची वही

वेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात कुमुदताई टिपणीस सव्वीस वर्षं ग्रंथपाल होत्या. शिडीवर चढून-उतरून त्यांचे गुडघे गेले होते आणि आता कोणाशी वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं. पण त्या दिवशी अध्यक्ष नानासाहेब चार सभासदांना घेऊन आले आणि त्यांनी वाचकांच्या अभिप्रायांची वही ताईंपुढे आपटली.

प्रकरण होतं गावातल्या पाणवठ्यांच्या सामाजिक इतिहासावरच्या एका पुस्तकाचं. कोणत्या विहिरीवर कोणाला पाणी भरू देत नसत, हे त्या पुस्तकात नावानिशी दिलं होतं. त्यावरून वाचक वहीत पानंच्या पानं भांडले होते. कोणी लेखकाला खोटं ठरवलं होतं, तर एका बाईंनी लिहिलं होतं, 'माझी आजी याच विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परतली होती.'

"हे पुस्तक आजच काढून टाका," नानासाहेब म्हणाले. "नुसती भांडणं लावतंय. माझी कादंबरी दहा वर्षं इथं आहे. तिच्याबद्दल एक तरी तक्रार आलीय का?"

"नाही आली," कुमुदताई दमलेल्या आवाजात म्हणाल्या. "तक्रार करायला आधी पुस्तक वाचावं लागतं, नानासाहेब."

एका सभासदाला खोकला आला. नानासाहेबांनी वही मिटली. मग त्यांनी हळूच विचारलं, "कोणीच वाचली नाही?"

कुमुदताईंना त्यांची दया आली.

"मी वाचलीय ना," त्या म्हणाल्या. "लिहू का तक्रार?"

"नको," नानासाहेब म्हणाले, आणि पाणवठ्यांचा इतिहास कपाटातच राहिला.