भाड्याने दिलेली झील

फार वर्षांपूर्वी, जिथल्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही, अशा एका राज्यात एक गाणारीण होती. पोरांनो, तुम्ही ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जवळच सरका, कारण गोष्ट तुमचीच आहे.

गाणारीण ओळ म्हणायची आणि मागं उभी असलेली तिची धाकटी बहीण तीच ओळ उचलून धरायची. याला झील धरणं म्हणतात. त्या गावात एक रीत होती. माणूस गेलं की गाणारणीनं त्याच्या आयुष्याचं गाणं म्हणायचं आणि जमलेल्या बायांनी झील धरायची. झील उठली की मगच तिरडी उचलायची. सगळं गाव आपल्यासाठी एकदा एका सुरात रडावं, एवढंच तिथल्या माणसाचं शेवटचं मागणं असायचं.

एके दिवशी गावात एक दलाल आला. त्याच्याकडे ना दुकान होतं, ना माल, ना गळा. नुसती जीभ होती.

"बाई," तो गाणारणीला म्हणाला, "दुकानदार बोंबलून मेला तरी लोक ढुंकून बघत नाहीत. तुम्ही नुसतं खाकरलात तरी गाव कान टवकारतं. गाण्यात अधूनमधून पेठेतल्या लुगड्यांच्या दुकानाचं नाव घ्या. त्याचा माल खपेल, लोकांना चांगली वस्तू कळेल, तुमचं घर भरेल. यात कुणाचं काही जातंय का?"

"जातंय," धाकटी चुलीपुढून म्हणाली. "तुला दिसायचं नाही."

"गप गं," गाणारीण म्हणाली. "तो पैलवान नाही का, आखाड्यात उतरण्याआधी तेलाच्या घाण्याचं नाव घेतो? मग मीच कुणाचं घोडं मारलंय?"

"आक्का, तो अंग विकतो. तू काय विकतेस ते बघ."

आक्कानं बघितलं नाही. धाकटी झिलीला उभी राहीनाशी झाली.

दलालाचं काय अडणार! त्यानं अख्ख्या गावालाच झिलीला लावलं. गाणारणीनं ओळीत लुगडं म्हटलं, की गावानं एका दमात म्हणायचं, "पेठेतल्या दुकानचं, टिकतंय बाई जन्मभर!" जी मोठ्यानं म्हणेल आणि शेजारणीलाही दुकानात घेऊन येईल, तिला बांगड्या फुकट.

मग काय विचारता! लग्नात तेच, बारशात तेच, भोवरा फिरवणाऱ्या पोरांच्या तोंडीही तेच. शेजारीण शेजारीण राहिली नाही, गिऱ्हाईक झाली. लुगडं पहिल्या धुण्यातच विरायचं. पण सांगणार कोण? जिनं दुसरीला नेलं होतं, तिच्या हातात बांगड्या वाजत होत्या.

गाणारणीच्या दारात बैलगाडी आली, अंगावर सोनं आलं. आणि धाकटीनं अंथरूण धरलं.

"आक्का, तुझ्या घरातलं मला काही नको," धाकटी म्हणाली. "मी गेले की माझं गाणं तेवढं नीट म्हण. त्यात बाजार नको."

आक्कानं तिच्या कपाळावर हात ठेवला. "तुझी आण. एकाही दुकानाचं नाव घेणार नाही."

धाकटी गेली. सगळं गाव अंगणात जमलं. गाणारीण उभी राहिली, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तिचा जुना गळा परत आला होता. लहानपणी दोघी बहिणी थंडीत आईच्या पदराखाली निजायच्या, ते तिनं गायलं. बाया पदरानं डोळे पुसू लागल्या. खोटं नव्हतं ते रडणं. धाकटीवर गावाचा जीव होता.

गाणारणीनं शेवटची ओळ घेतली,

"एका लुगड्याची ऊब गं, दोघी बहिणी निजलो..."

आणि झिलीसाठी थांबली.

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या वाहत्या पाण्यातच सगळ्या बाया एका दमात म्हणाल्या,

"पेठेतल्या दुकानचं, टिकतंय बाई जन्मभर!"

एक पोर खुदकन हसलं. बायांनी जिभा चावल्या.

"अगं, धरा ना गं नीट," गाणारीण कळवळून म्हणाली. तिनं ओळ बदलली, लुगडं काढून टाकलं, पुन्हा सूर लावला. पण कुणी तोंड उघडेना. आपल्याच तोंडातून काय बाहेर पडेल, याची प्रत्येकीला धास्ती बसली होती. बांगड्या भरलेले हात तोंडावर दाबून बाया नुसत्या उभ्या राहिल्या.

ऊन चढलं. शेवटी म्हातारी माणसं पुढं झाली. झिलीवाचून उचललेली गावातली ती पहिली तिरडी.

मागं कुंपणापाशी दलाल दुकानदाराच्या कानाला लागला होता. "पाहिलंत शेटजी? आता सांगावंसुद्धा लागत नाही."

गाणारणीनं शपथ मोडली नव्हती. दुकानाचं नाव तिनं घेतलंच नव्हतं. तिनं ते गावाच्या तोंडात आधीच घालून ठेवलं होतं. त्यानंतर ती कधी गायली नाही. दलालाचं काही बिघडलं नाही. त्याला पुढच्या गावात दुसरा गळा मिळाला.

म्हणून ध्यानात धरा: लोकांचा आपल्यावरचा जीव जो बाजाराला देतो, त्याच्या दुःखालाही मग बाजारच साथ देतो.