मोठ्या कुत्र्याचा मोठा डोस

साखर कारखान्याचे चेअरमन रावसाहेब सरंजामे यांच्या ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याच्या पिल्लाचे पाय वाकू लागले. गुरांच्या डॉक्टर शर्वरीताईंनी बजावलं, "कॅल्शियमचं औषध बंद करा. अती झालंय."

रावसाहेब गुरगुरले, "मोठ्या जातीला डोसही मोठाच हवा! चांगल्या गोष्टीचंही अती होतं, हे पटवून द्या. नाहीतर इथं पुन्हा पाऊल टाकू नका!"

शर्वरीताईंनी हात जोडले. "रावसाहेब, आपण शूर, आपण दानी, आपण ज्ञानी, आपण देखणे..."

रावसाहेब मिशीत हसले. पण ताई थांबेचनात. चहा निवला, गडीमाणसं तोंड दाबून हसू लागली. शेवटी रावसाहेब ओरडले, "अहो बाई, पुरे!"

"एवढ्यात? मोठ्या माणसाला मोठा डोस नको?"

रावसाहेबांना हसू आवरेना. कॅल्शियमची बाटली त्यांनी स्वतःच ताईंच्या पिशवीत टाकली.