दोन पाकळ्यांचा व्हॉल्व्ह

“काय दिसतंय?”

“व्हॉल्व्ह, सर. कृत्रिम. हृदयातल्या मायट्रल झडपेच्या जागी बसवलेला. दोन पाकळ्यांचा.”

निनाद धामणस्करने हे एका दमात सांगितलं. मागे उभ्या असलेल्या तीन ज्युनियर मुलींपैकी एकीने घड्याळ पाहिलं. चार सेकंद.

डॉ. मुजावर पडद्यावरच्या फिल्मकडे बघत राहिले. घाटाखालच्या त्या सरकारी रुग्णालयात ते एकतीस वर्षं एक्स-रे वाचत होते. निनाद रेडिओलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होता. छातीच्या फिल्मवरून व्हॉल्व्ह ओळखण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, असं त्याला वाटे. ते फारसं खोटंही नव्हतं.

“मायट्रल कशावरून?”

“खाली आहे, डावीकडे. एऑर्टिक असता तर थोडा वर, मणक्यांवर दिसला असता. बाजूने काढलेली फिल्मही तेच सांगते.”

“पाकळ्या?”

“कड्याच्या आत या दोन बारीक रेघा.”

“अजून?”

“हृदय मोठं झालंय. फुप्फुसात पाणी आहे.”

“अजून?”

“बाकी काही नाही, सर.”

सरांनी खुर्ची दाराकडे वळवली. 

“बाई कुठे आहे?”

“बाहेर. स्ट्रेचरवर.”

“जा. तिच्या छातीला कान लाव.”

निनाद हसला. “स्टेथोस्कोप नाहीये माझ्याकडे. दोन वर्षांत कधी लागलाच—”

“कान म्हणालो मी.”

बाहेर कांताबाई लेंडवे स्ट्रेचरवर बसून होती. आडवं व्हायला गेली की जीव घुसमटायचा. वय त्रेचाळीस. नाकाला ऑक्सिजनची नळी, ओठ निळसर, हातात लग्नघरातला हिरवा चुडा. तिच्या चिठ्ठीवर तिला इकडे पाठवणाऱ्या डॉक्टरांनी ‘न्यूमोनिया?’ असं लिहिलं होतं. नवरा, दगडू, जुने कागद पिशवीत घालून शेजारी उभा होता.

“मावशी, जरा बघतो हं…”

निनाद वाकला. कान टेकवला. आत श्वास खरखरत होता आणि हृदय नुसतं धावत होतं. या धावण्यात धातूचा बारीक, स्वच्छ आवाज यायला हवा होता. व्हॉल्व्हच्या पाकळ्या मिटताना येतो तो.

त्याने स्वतःचा श्वास रोखला. कान थोडा सरकवला…

थप. थप. ओल्या गोधडीवर बुक्की मारावी तसा.

“काय ऐकताय, सायब?” दगडूने विचारलं. “ते घड्याळ व्हय? ते आता वाजत न्हाई.”

निनादने मान वर केली.

“आपरेशनपासनं सहा वरसं वाजायचं. शेजारी निजलं की मला ऐकू यायचं. चार दिस झालं, गप हाय.” दगडूच्या आवाजात समाधान होतं. “मला वाटलं, आता आतमंदी नीट बसलं.”

“रक्त पातळ करायची गोळी… ती रोज चालू आहे ना?”

दगडूने बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

“थोरलीचं लगीन हुतं… भावाच्या गावाला,” ती धापा टाकत म्हणाली. “गोळ्या घरला ऱ्हायल्या. वीस-बावीस दिस… सांगितलं असतं तर ह्ये मांडव सोडून… आणाय गेलं असतं.”

 निनाद आत धावला.

“सर, वाजत नाहीये.”

सर आधीच उठले होते. हलतं चित्र दाखवणारं यंत्र त्यांनी सुरू करून ठेवलं होतं. कांताबाईला त्याखाली घेतलं. पडद्यावर एक पाकळी उघडत होती, मिटत होती. दुसरी जागची हलत नव्हती. तिच्यावर रक्ताची गुठळी धरली होती, आणि उरलेल्या फटीतून त्या बाईचं सगळं रक्त वाट काढत होतं.

हृदयरोगाच्या डॉक्टरांनी दगडूला समजावून सांगितलं. औषधाने गुठळी विरघळेल. पण तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर… दगडूने सही केली. काय ऐकलं, हे त्याला नंतर आठवेना. औषध सुरू झालं.

निनादचं तिथे काही काम नव्हतं. तरी तो खाटेजवळ बसून राहिला. दर अर्ध्या तासाने कान लावत होता. दुपारी दोन वाजता काही नाही. तीन वाजता काही नाही.

चारच्या सुमाराला कांताबाई म्हणाली, “माझी बोटं कुठं गेली?”

उजवा हात बधिर झाला होता. दगडूने पाण्याचा पेला निनादसमोर धरला. निनादने तो न पिताच खाली ठेवला.  आपण त्या खोलीत उभे राहून चार सेकंदांत दिलेलं उत्तर त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. त्यातला एकही शब्द आता कुणाच्या उपयोगाचा नव्हता.

पावणेसहाला त्याने पुन्हा कान लावला.

टिक.

मग बराच वेळ नुसती थपथप…

टिक. टिक.

दगडूने खांद्यावरचा पंचा तोंडात कोंबला आणि तो भिंतीकडे वळला.

तिसऱ्या दिवशी तिच्या बोटांत जीव आला. चुड्यातली एक बांगडी तिने स्वतःच्या हाताने सारखी केली. ते पाहून निनाद सरांच्या खोलीत गेला. ते एकटेच होते.

“सर, त्या दिवशी मी बरोबर वाचलं होतं.”

“हो.”

“काही सुटलं नव्हतं.”

“नाही.”



“मग तुम्हाला कसं कळलं? पाकळी अडकल्याचं फिल्मवर तर कुठेच दिसत नव्हतं.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मला कुठे कळलं होतं?” ते म्हणाले. “पाकळी हलतेय की नाही, ते फिल्म सांगत नाही. मी घाबरलो होतो.”