पांढऱ्या नमद्याचा चौथा कोपरा

दिवस उगवून बरोबर चार घटका झाल्या होत्या. तीन कोपरे वर गेले, चौथा जमिनीवरच राहिला, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

त्या काळी उत्तरेकडच्या गवताळ मुलखात अश्वकेतू नावाचा राजा राज्य करीत होता, आणि बोधिसत्त्व तिथल्या चौथ्या टोळीचा नाईक होऊन जन्मला होता. राजाला एकच लेक, सुजवा. बापाने तिला आधी दवंडीवाल्यांवर नेमलं, मग सभेची प्रमुख केलं. राजाला न रुचणारी बातमी दवंडीत येऊ नये, हे तीच बघायची. आता थकलेला राजा तिला गादी देणार होता. तिथली रीत अशी, की गादीवर येणाऱ्याला लोकरीच्या पांढऱ्या नमद्यावर बसवायचं आणि चार टोळ्यांच्या नाईकांनी चार कोपरे धरून उचलायचं. एक जरी कोपरा खाली राहिला, तर गादी सुजवाच्या चुलतभावाकडे जाणार.

तीनच कोपरे उचलले गेले, तशी सुजवा एका बाजूला कलली. चौथ्या टोळीचा म्हातारा नाईक दहा पावलं लांब, हात पाठीशी बांधून उभा होता.

"काय हो, कंबर धरली का?" दुसरा नाईक हसला. "का कुरण कमी पडलं?" या कामाबद्दल राजाने म्हाताऱ्याला नदीकाठचं कुरण देऊ केलं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

शिपायांनी धनुष्यं ताणली. सुजवाने विचारलं, "आजोबा, माझी शोभा करायला एवढ्या लांब आलात?"

"नाही, पोरी. आमच्याकडे फोडांचा ताप आलाय. एकवीस लेकरं पुरली. तीनदा निरोप धाडला, दवंडीत आला नाही. टोळी मी नदीपलीकडे थांबवलीय, पण दोन घरं पोरं घेऊन तुझ्या गादीच्या या जत्रेत शिरलीत. म्हणून सांगायला आलो, पण नमद्याला हात लावून ताप तुझ्यापर्यंत आणायचा नाही."

ते तिन्ही निरोप सुजवाला आठवले. तिनेच बाजूला ठेवले होते. तिने वळून पाहिलं. घोडीच्या दुधाचा एकच वाडगा जत्रेत आलेल्या सगळ्या पोरांच्या रांगेतून फिरत होता. तिचा चार वर्षांचा मुलगा वाडग्यापासून तिसरा होता.

राजा म्हणाला, म्हाताऱ्याला बाजूला करा, कोपरा कोणीही धरा, तापाचं उद्या बघू. शिपाई तिच्या मानेच्या इशाऱ्यासाठी थांबले. वाडगा एका पोराने पुढे सरकला.

सुजवा नमद्यावरून उठली, धावली, आणि मुलाच्या ओठाशी आलेला वाडगा तिने गवतावर उपडा केला. मग दवंडीवाल्यांना बोलावलं आणि काय ओरडायचं ते स्वतः सांगितलं. "ताप आलाय. मी लपवला होता. आपापली पोरं घ्या आणि लांब लांब तळ टाका."

दुपारपर्यंत माळ रिकामा झाला. म्हातारा त्या दोन घरांची शुश्रूषा करायला मागे राहिला. गादी चुलतभावाकडे गेली. मुलाच्या अंगाला हात लावून बघण्यात सुजवाचे पुढचे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशीही त्याला ताप आला नाही, तेव्हा ती पोटभर जेवली.

एवढं सांगून भगवान समोर जमलेल्या भिक्षूंना आणि उपासकांना म्हणाले, "तो राजा म्हणजे मागे बसलेल्या त्या उपासिकेचे वडील. सुजवा म्हणजे ती स्वतः, कडेवर लेकरू घेतलेली. आणि तो म्हातारा मीच होतो. बाण रोखलेले असतानाही खरं सांगणं, ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."

ऐकलंत ते इथेच ठेवू नका. घरात कोणाला ताप असेल तर आजच शेजाऱ्यांना सांगा, आणि त्यांना म्हणावं, पुढच्या घरी सांगा.